दार उघडं असताना

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या. पण ल्युसीसमोर 'योगायोग' हा शब्द काढू नका, ती अंगावर येते.

अंधेरी पूर्व. इंडस्ट्रियल इस्टेटमधला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. गेल्या मार्चमधला शनिवार, भर दुपारचे सव्वाबारा.

तिथे मोटरी तपासतात. जाळीच्या पेटीत मोटर ठेवायची, दार लावायचं आणि तिच्यावर तीन हजार व्होल्ट सोडायचे. ते सोडणारं सर्किट तिथेच काम करणाऱ्या ल्युसीनं डिझाईन केलं होतं. कॉम्प्युटरकडून पाच व्होल्टचा सिग्नल आला की रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, 'टक' करणार आणि पेटीत हाय व्होल्टेज. दार उघडं असेल तर रिलेला सप्लायच नाही. त्यासाठी तिनं दाराला मुद्दाम स्विच बसवला होता.

मालक कृणाल सावेनं वायरचा एक तुकडा टाकून तो स्विच बायपास केला. का, तर दार उघड-बंद करण्यात वेळ जातो!

आठव्या दिवशी पेटीवर काम करणारे हेन्री अंकल गेले. हात पेटीत असतानाच सिग्नल आला.

हेन्री अंकल मरोळच्या गावठाणातले, ल्युसीचे शेजारी. तिला सोल्डरिंग शिकवलं ते त्यांनीच. आणि कृणालनं पोलिसांना काय सांगावं? "पोरीचं सर्किट आपोआप चालू झालं."

महिन्याभरानं, त्या शनिवारी, ल्युसी आपलं सामान न्यायला गेली. हेन्री अंकलच्या जागी कमलताई बसल्या होत्या.

पेटीचं दार उघडं.

वायरचा तुकडा तसाच!

"माणूस मेलाय रे इथे!" ल्युसी किंचाळली. "लाज वाटत नाही तुला?"

"आवाज खाली," कृणाल म्हणाला. "तसंही तुझं डबडं बंद पडलंय."

कमलताई हळूच म्हणाल्या, "दार लावलं की चालतं गं. उघडं ठेवलं की..."

दार उघडं ठेवूनच ल्युसीनं मीटर लावला. सिग्नल पाच व्होल्ट. रिलेला सप्लाय बारा. सगळं बरोबर.

पण 'टक' नाही.

तिनं दार लावलं... टक. तीन हजार.

दार उघडलं... शून्य.

बायपास होता ना? मग अडवत कोण होतं?

तेवढ्यात तिला वास आला... सोल्डरच्या धुराचा. गाळ्यात एकही सोल्डरिंग गन चालू नव्हती.

"नाटकं पुरे," कृणाल पुढे झाला. "मीच बघतो."

ल्युसीनं रागानं कॉम्प्युटरकडून येणारी सिग्नलची केबल उपटली. "कर काय करायचं ते!"

केबल तिच्या मुठीत. सिग्नल नाही. काहीच व्हायला नको होतं.

कृणालनं पेटीत हात घातला.

त्या क्षणी तिच्या मनात एकच आलं... आता येऊ दे सिग्नल.

टक.

कमलताईंनी मेन स्विच पाडला म्हणून तो वाचला. दोन बोटं गेली.

मागाहून सर्किट दोनदा तपासलं गेलं. दोष सापडला नाही. केबल ल्युसीच्या हातात होती, हे कमलताईंनी शपथेवर सांगितलं. मनात काय आलं होतं, ते कुणी विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, चर्चमधली मिस्सा संपल्यावर ती हेन्री अंकलच्या कबरीपाशी गेली.

"अंकल, ते तुम्ही केलंत... की मी?"

अजून तिला कळलेलं नाही. आणि राग... तो तसूभरही कमी झालेला नाही.