बोट भरली आहे

बेटावरचा पहिला दिवस कसा घालवायचा, यावरून नकाशाभोवती चौथं भांडण पेटलं होतं. नकाशा खारूने आईच्या पत्रांवरून काढला होता. त्यात धक्का होता, नारळांमधून जाणारी वाळूची वाट होती, दवाखाना आणि त्यामागची आईची खोली होती. खारूच्या धाकट्या भावाला, मुंगळ्याला, उतरल्या उतरल्या पाण्यात डुंबायचं होतं. शेजारचा मुलगा, प्रोफेसर, त्यांच्याबरोबर येणार होता. जाड चष्म्यामुळे त्याला हे नाव पडलं होतं. त्याला आधी प्रवाळ बघायचे होते. खारूचं बोट मात्र सारखं त्या खोलीपाशी जाऊन थांबत होतं.

आई बेटावरच्या दवाखान्यातली एकुलती एक नर्स. आठ महिने झाले, तिला तिथून हलता आलं नव्हतं. आता जायचं तर त्यांनीच. सुट्टीचे दोन आठवडे आधीच वाया गेले होते. बाबा दर आठवड्याला तिकिटं काढायला जात आणि हात हलवत परत येत. त्या बुधवारी तिसऱ्यांदा तेच झालं.

"बोट भरली आहे. सुट्टी संपेपर्यंत एकही जागा नाही," ते म्हणाले. मग शिलाईच्या मशीनवर जाऊन बसले. सुट्टीनंतर समुद्र खवळायचा आणि चार महिने बोट बंद राहायची, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, बोटीचा वार. खारू सकाळीच धक्क्यावर गेली. आईकडे जाता येत नाही, तर निदान आईकडे जाणारी बोट तरी बघू, एवढंच तिच्या मनात होतं. बाकीचे दोघे मागोमाग आलेच.

बोट सुटायच्या बेतात होती. खिडकीजवळच्या बाकावर एक खलाशी पाय ताणून घोरत होता.

"भरलेल्या बोटीत याला झोपायला बाक कसा मिळाला?" खारू म्हणाली.

प्रोफेसरने चष्मा पुसून डोकी मोजली. ऐंशी जागांच्या बोटीत माणसं होती चाळीस. खारूने धक्क्यावरच्या खलाशाला विचारलं, तर जागांचं बघणं तिकीटवाल्याचं काम, असं म्हणून त्याने दोर सोडला.

कचेरीतल्या तिकीटवाल्याने मानही वर केली नाही. दर गुरुवारच्या चाळीस जागा पोहण्याच्या शिबिरासाठी राखून ठेवल्या आहेत, असं त्याने सांगितलं. पण शिबिराची मुलं तर बोटीवर दिसली नाहीत, असं प्रोफेसर म्हणाला. "यादीत आहेत म्हणजे आहेत. मला शहाणपण शिकवू नका," तो करवादला.

तिघांनी तडक तरणतलाव गाठला. शिबिर घेणाऱ्या सरांचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. हात मोडल्यामुळे महिन्यापूर्वीच शिबिर रद्द झालं होतं. तसं पत्र त्यांनी स्वतः तिकीटवाल्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं. जाडजूड पाकीट, त्यावर निळा शिक्का.

मुलं धापा टाकत परतली. असं कुठलंही पत्र आलेलं नाही, तिकीटवाला म्हणाला. मग प्रोफेसरने भोळा चेहरा करून त्याला भरती-ओहोटीची वेळ विचारली, ती का बदलते तेही विचारलं, आणि त्याला बोलण्यात पुरता गुंतवला. तेवढ्यात खारूने खोलीभर नजर फिरवली. फायली, खुंटी, कपाटाचा माथा, कुठेच काही नाही. मग तिला दिसलं. टेबलाचे तीन पाय जमिनीवर होते, आणि चौथ्याखाली जाडजूड घडी. घडीच्या कडेला निळी शाई.

तिने मुंगळ्याला खूण केली. तो खाली शिरला आणि त्याने घडी ओढली. टेबल कललं, चहाचा कप उलटला आणि सगळा चहा यादीवर!

तिकीटवाल्याच्या ओरडण्याने बंदराचे साहेब आतल्या खोलीतून बाहेर आले. खारूने पाकीट पुढे केलं.

"साहेब, या पाकिटात दर गुरुवारच्या चाळीस जागा आहेत. त्यातल्या चार आम्हाला हव्यात. आमची आई तिकडे आहे."

साहेबांनी पत्र उभ्या उभ्याच वाचलं आणि मग तिकीटवाल्याकडे असं पाहिलं, की तो भिजलेली यादी पुसायला लागला. "महिनाभर आम्ही सगळे ही यादी वाचतोय," ते मुलांना म्हणाले. "बोटीकडे बघितलं ते फक्त तुम्ही. शाबास!" आणि चार तिकिटं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिली.

पुढच्या गुरुवारी बोट बेटाला लागली, तेव्हा एकही बाक रिकामा नव्हता. आई धक्क्यावर उभी होती. मुंगळा धावत सुटला. बाबांनी तिथेच, सामान खाली न ठेवता, पाकिटाची सगळी कथा सांगितली. आईने मुलांच्या पाठीवरून हात फिरवला, पण तिला हसू आलं नाही.

"तुम्ही लिहायचात बोट भरली आहे," ती हळूच म्हणाली. "आणि मी दर गुरुवारी इथे उभी राहून अर्धी रिकामी बोट बघायचे. मला वाटलं, माझ्याशिवाय राहायची तुम्हाला सवय झाली."

"नाही झाली," खारू म्हणाली. "एक दिवसही नाही."

आणि मुंगळा बघत होता, प्रोफेसर बघत होता, तरी ती आईच्या कुशीत शिरून पोटभर रडली.