कमरेइतकं पाणी

चर्चच्या हौदातून कुणीतरी शिट्टी वाजवत होतं, आणि मासोळीचं डोकंच फिरलं.

हौद म्हणजे साधासुधा नव्हे. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली फरशीचा, पायऱ्यांचा, बाप्तिस्म्याचा हौद. येशूवर विश्वास ठेवायचं ज्यानं स्वतः समजून-उमजून ठरवलं, त्याला तिचे बाबा, म्हणजे या चर्चच्या मंडळीचे पाळक, तिथे पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देत. अशा जागी शिट्टी? आणि तीही इतकी सुरेल?

ती ओणवी झाली. "कोण आहे रे आत?"

आधी एक पाना वर आला, मग कुरळे केस, मग नाकाच्या शेंड्याला वंगण लागलेला एक चेहरा.

"प्लंबर. हौद गळतोय म्हणून बोलावलंय. आणि तुम्ही?"

"पाळकांची मुलगी."

"अरे बापरे! मग शिट्टी बंद."

"नको... म्हणजे, चाल बरी होती," ती बोलून गेली आणि लाजली. लाजणं हा काही तिचा पिंड नव्हे! ती पोहायला शिकवायची; तलावाच्या काठावरून एक हाक मारली की अख्खा पोरवडा चिडीचूप व्हायचा. आत्यानं लहानपणी ठेवलेलं 'मासोळी' हे नाव आता शिकणारी पोरंसुद्धा बिनधास्त घेत.

"एवढं पाणी लागतं होय तुम्हा लोकांना?" तो हौदाच्या भिंतीवर थाप मारत म्हणाला. "आमच्या चर्चमध्ये चमचाभर पुरतं. कुशीतलं बाळ, कपाळावर चार थेंब, झालं."

"म्हणजे तुम्हीही ख्रिस्ती?"

"आजवर तरी मला तसंच वाटत होतं. पण तुमच्या आत्यांनी दारातच विचारलं, बुडवलेले की शिंपडलेले? शिंपडलेला म्हटलं, तर चहा आला... बिस्किटं नाही आली."

मासोळी खळखळून हसली. जाऊन बिस्किटांचा अख्खा डबा घेऊन आली.

हौद जुना होता, हट्टी होता. एक सांधा भरावा तर दुसरा ठिबकायचा. प्लंबर रोज यायचा, आणि तलावावरून परतताना, ओल्या केसांनिशी, मासोळीला चर्चमध्ये रोज काहीतरी काम निघायचं.

"खरं सांगा, गळती मुद्दाम ठेवताय ना?" एकदा तिनं डोळे बारीक करून विचारलं.

"छे! कामात मी लबाडी करत नाही." मग मान खाली घालून, "पाना मात्र जरा हळू फिरवतोय... ते खरं."

तिनं बिस्किटांचा डबा त्याच्या बाजूला सरकवला.

मग एका संध्याकाळी त्यानं सांगून टाकलं, की जन्मभर पाण्याशी काम, पण त्याला पोहता येत नाही. गुडघ्याच्या वर पाणी आलं की जीव घाबरा होतो. तिनं हसू दाबलं. "मी शिकवीन."

"किती दिवस लागतील?"

"तुमच्याकडे बघून तर... जन्म जाईल."

"चालेल," तो म्हणाला, तिच्या डोळ्यांत बघत. "मला तेवढाच हवा होता."

झालं! पोरगी गेली कामातून.

तिनं त्याच आठवड्यात बाबांना सांगितलं. बाबा काही आरडाओरडा करणारे नव्हते. चष्मा पुसत म्हणाले, "मुलगा मनात भरण्यासारखा आहे. पण कळत नसताना कपाळावर पडलेल्या पाण्याला मी बाप्तिस्मा म्हणत नाही, हे तुला ठाऊक आहे. येत्या रविवारी चौघं हौदात उतरणार आहेत. तोही उतरू दे, मी आनंदानं लग्न लावीन."

एवढंच ना! मासोळी नाचतच चर्चमध्ये गेली. "अर्ध्या मिनिटाचं काम आहे. बाबा धरतील, मी काठावर उभी राहीन. आत जायचं, वर यायचं... आणि मग मी तुझी."

ती पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती. त्याचा चेहरा उजळला आणि लगेच गंभीर झाला.

"नाही जमणार ग."

"पाण्याला भितोस म्हणून?"

"पाण्यात तर तुझ्यासाठी उद्या उडी मारीन. पण हे पाणी तुझ्यासाठी नाही ना. आईनं तान्हेपणीच मला देवाच्या हवाली केलं. मोठा झाल्यावर मी स्वतः मंडळीसमोर उभं राहून म्हणालो, होय, हे माझं आहे. आता पुन्हा बुडायचं म्हणजे ते सगळं फोल होतं असं म्हणायचं. मला तसं वाटत नाही. मग देवासमोर नाटक करू?"

"म्हणजे मी गेले तरी चालेल!"

"मासोळी..."

ती ताडताड निघून गेली. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. त्याचा राग आला होता, आणि रागावूनही तो आणखीच आवडायला लागला होता, त्याचं काय करायचं ते तिला कळेना.

शनिवारी हौद भरून पाहायचा होता. बाबा आले, आत्या आली, आणि येणार नाही येणार नाही म्हणत मासोळीही आली. पाणी चढलं. कुठे टिपूस गळेना. प्लंबर काठावरून झडप बंद करायला वाकला, त्यानं चुकून मासोळीकडे पाहिलं, आणि गुळगुळीत फरशीवर पाय सटकला.

धप्प!

"बुडालो! वाचवा!" हात-पाय झाडत तो ओरडला आणि गपकन पाण्याखाली गेला.

मासोळी चपला भिरकावून काठावर आली, आणि तिला एकदम हसू फुटलं. "अरे उभा राहा! कमरेइतकंच पाणी आहे! उभा राहा!"

तो उभा राहिला. नखशिखांत निथळत, खोकत, कानकोंडा होऊन.

मग आत्यानं टाळी वाजवली. "घ्या! डोक्यापासून पायापर्यंत! दादा, आता तुम्ही चार शब्द म्हणा, याला होय म्हणू दे, नि मोकळे व्हा एकदाचे!"

बाबांनी हसून त्याच्याकडे पाहिलं. त्यांनाही ही सुटका हवी होती. मासोळीनं तर श्वासच रोखला. म्हण ना होय! एकच शब्द, वेड्या, आणि सगळं आपलं!

त्यानं तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांतलं पाणी हौदातलं होतं की त्याचं, कुणास ठाऊक.

"नाही, आत्या. मी घसरलो. घसरून कुणी ख्रिस्ती होत नाही."

बाबांचं हसू मावळलं. ते वळले, आणि मासोळीच्या तोंडून निघालं, "थांबा, बाबा! उद्या हौदात उतरणाऱ्यांना तुम्ही जे विचारणार, ते याला विचारा ना. पाण्यात तो उभाच आहे."

बाबा थबकले. काठाशी आले. आवाज रविवारचा झाला. "येशू तुझ्यासाठी कोण आहे?"

"देवाचा पुत्र. माझा प्रभू." दात कडकडत होते, पण शब्द अडखळत नव्हते. "माझ्या पापांसाठी वधस्तंभावर मेला. तिसऱ्या दिवशी उठला. आजही जिवंत आहे, पुन्हा येणार आहे. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा, असा एकच देव मी मानतो."

"आणि तुझं तारण, पापातून सुटका? कशाच्या जोरावर?"

"माझ्या चांगुलपणाच्या नाही. तो फार काही नाहीये, साहेब. देवाच्या कृपेनं. मी फक्त विश्वास ठेवला."

बाबा काठावर गुडघे टेकून बसले. "दर रविवारी मी हेच सांगतो," ते सावकाश म्हणाले. "आणि तुला मात्र पाणी किती, एवढंच विचारत बसलो."

"बाप्तिस्म्याबद्दल तुमचं मत—"

"अजिबात बदललेलं नाही! तू चुकतोयस, आणि मी मरेपर्यंत तुला तसं सांगणार."

"मी ऐकेन... बाबा."

'बाबा' ऐकून पाळकांनी चष्मा काढला आणि पुन्हा पुसायला घेतला. मग हात पुढे करून त्याला पायरीवर ओढलं. "पोरीला विचार. माझी ना नाही."

अंग पुसायला काही सापडेना, म्हणून आत्यानं नाक मुरडत बाप्तिस्म्याचा पांढरा झगा त्याच्या अंगावर फेकला. "हा घातला म्हणून बाप्तिस्मा झाला असं नाही हं!" आणि ती बाबांना घेऊन शेजारच्या खोलीत गेली.

मासोळी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तू होय म्हणाला असतास ना, तर मी आनंदानं वेडी झाले असते. आणि पुढे कधीतरी, तू मला काही गोड बोलल्यावर मनात आलं असतं... हा काय, सोयीचं असेल ते बोलतो." "आता तू काहीही म्हण. मला खरंच वाटणार."

"तू मला फार आवडतेस," तो म्हणाला.

"हं. खरं वाटलं," ती म्हणाली आणि त्याचे थंडगार हात तिनं आपल्या हातांत घेतले.

शेजारच्या खोलीतून आत्याचा खणखणीत आवाज आला. "आणि मुलं झाल्यावर? शिंपडणार की बुडवणार?"

तो कानापर्यंत लाल झाला. मासोळीनं हात सोडले नाहीत.

"आत्या, आधी त्यांच्या बापाला पोहता येऊ दे!"