गंगासागरबाईंच्या पेशी

"बाई, माझ्या मायच्या पेशी चोरीला गेल्यात."

संगमेश खुर्चीवर टेकायलाही तयार नव्हता. बीडमधल्या आपल्या कापडाच्या दुकानाला कुलूप घालून तो थेट सावित्रीबाईंकडे आला होता. पोलिसातून निवृत्त झाल्यावर सावित्रीबाई खासगी तपास करत. त्यांची जीप चालवणारा पंडित हाच त्यांचा एकमेव सहकारी.

"पेशी कावून कोण चोरंल?" पंडितने विचारलं.

संगमेशने भराभर सांगून टाकलं. त्याच्या आईला, गंगासागरबाईंना, मधुमेह. पावलावरची जखम पाच महिने भरत नव्हती, आणि सर्जन पाय कापायचं म्हणत होते. त्यातच यंदा, २००७ साली, गावात डॉ. अमरसिंहांचा नवा दवाखाना निघाला. डॉक्टरांनी तिच्या पोटाची चरबी काढली, त्यातल्या पेशी वेगळ्या करून तीन आठवडे प्रयोगशाळेत वाढवल्या. उद्या त्या जखमेत टोचायच्या होत्या. आज सकाळी दोन्ही बाटल्या गायब!

"परत चरबी काढली तर अजून तीन आठवडे. जखम तवर थांबंल का?"

दवाखान्यात जाऊन पाहिलं तर प्रयोगशाळेचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच, एक डॉक्टरांकडे आणि दुसरी तंत्रज्ञ स्वप्नालीकडे. लाखाचा सूक्ष्मदर्शक जागच्या जागी होता.

डॉ. अमरसिंह येरझाऱ्या घालत होते. "उद्या आमदार येणार, पत्रकार येणार! काल संध्याकाळी दिवे लागताना मी स्वतः बाटल्या पाहिल्या. स्वच्छ गुलाबी. हे कुणातरी जळणाऱ्याचं काम आहे."

स्वप्नालीची बोटं पांढुरकी पडून सोलवटली होती.

"चांगल्या पेशींच्या बाटलीतलं पाणी कसं दिसतं गं?" सावित्रीबाईंनी तिला विचारलं.

"गुलाबी. आरपार. खालच्या कागदावरची अक्षरं वाचता येतात."

"काल कसं होतं?"

"काल मी चारलाच घरी गेलते," ती पुटपुटली.

दारावर पहारेकरी धोंडीराम होता. तो म्हणाला, "दिवे लावाया आत गेलतो. काचेच्या कपाटात दोनच बाटल्या, हळदीच्या पाण्यावाणी गढूळ. ही ताई तिथंच उभी. आन् सकाळी मोरीत ब्लीचिंगचा लई वास, डोळे चुरचुरले."

जीपमध्ये पंडित म्हणाला, "बाई, दुसऱ्या डॉक्टरनं पोरीला फोडलं."

"फोडलं असतं तर तिनं बाटल्या नेऊन दिल्या असत्या. चल, सगळ्यांना दवाखान्यात गंगासागरबाईंच्या खाटेपाशी बोलाव."

दुपारी सगळे जमले. सावित्रीबाई उभ्याच राहिल्या.

"चोर माल नेतो, मोरीत ओतत नाही. ओतून वर ब्लीचिंग कोण टाकेल? ज्याला ठाऊक आहे की त्यात जंतू आहेत. स्वप्नाली चारला गेली नव्हती, धोंडीरामनं तिला दिवेलागणीला पाहिलं. बोटंही ब्लीचिंगनंच सोलली."

संगमेश तिच्या अंगावर धावला. सावित्रीबाईंनी त्याचा दंड धरला.

"थांब. त्याच वेळी डॉक्टरांना बाटल्या गुलाबी दिसल्या आणि धोंडीरामला पिवळ्या. दोघांतल्या एकालाच उद्याचा सोहळा हवा होता."

"पेशी दाटल्या की पाणी पिवळटतं!" डॉक्टर ओरडले.

"मग गुलाबी होतं असं का सांगितलंत? आणि गढूळ कशानं झालं?"

स्वप्नालीने डब्यातून एक सीलबंद नळी काढली. आतलं पाणी पिवळं, गढूळ होतं. "मी दोनदा सांगितलं, जंतू लागलेत. सर म्हणाले, गाळून घे, कुणाला कळत नाही. ते जखमेत गेलं असतं तर पायच काय, जीवही गेला असता. म्हणून ओतून दिलं. ही नळी तपासायला पाठवणार होते, पण धीर झाला न्हाई."

गंगासागरबाईंनी मान वळवली. "पोरी, मला कावून न्हाई सांगितलंस?"

"तुमी रोज सरांच्या पाया पडत होता, माय."

गंगासागरबाईंनी तिचा हात धरला. मग म्हणाल्या, "आता तरी खरं सांग. पाय राहील का?"

"माहीत न्हाई. पण आजच मोठ्या दवाखान्यात चला."

संगमेशने आईला उचललं. पंडितने जीप सुरू केली, आणि स्वप्नाली कुणी न सांगता मागे चढून तो पाय मांडीवर घेऊन बसली.

दोन बोटं गेली. पाऊल वाचलं.