चव्वेचाळीसचा गुडघा

"गुडघा झकास आहे डॉक्टर. मग येऊन करू काय?" फोनवर ह्वांगबो म्हणाला. तो स्की शिकवायचा. त्याच्यामागे उतारावरचा गोंगाट ऐकू येत होता. "बिघडला की येतो."

"बिघडल्यावर नाही, आत्ताच यायचंय. दोन वर्षांची तपासणी आहे. तुम्ही सही केली होती."

"बर्फ संपू दे, मग बघू."

फोन बंद झाला. ग्यूरीने समोरचा गार झालेला जवाचा चहा एका घोटात संपवला. सकाळपासून हेच चाललं होतं. ब्यॉन मोटरसायकलवरून पार्सलं पोचवायचा, त्याला वेळ नव्हता. कुणाच्या घरी लग्न होतं, तर कुणी नंबर बघूनच फोन उचलत नव्हतं. ज्यांचे गुडघे चांगले झाले, त्यांना इस्पितळाची आठवणही नको होती.

अभ्यास साधा होता. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी नवा स्नायुबंध बसवायचा. निम्म्या रुग्णांना स्वतःच्याच मांडीतला काढून लावलेला, निम्म्यांना मृत दात्याचा. दोन वर्षांनी कुणाचा जास्त घट्ट राहतो, ते ग्यूरीने मोजायचं. कुणाला काय लावलंय ते मात्र तिला कळता कामा नये, नाहीतर मोजणारा हात नकळत एका बाजूला झुकतो. म्हणून प्रत्येक जण दोन्ही गुडघ्यांवर जाड कापडी बाही चढवून आत येई आणि नावाऐवजी नंबर सांगे. दोन वर्षांत तिने एकही व्रण पाहिला नव्हता.

आता फक्त एक रुग्ण कमी पडत होता. तो आला नाही तर निष्कर्ष कुणी छापणार नव्हतं, आणि निष्कर्षाशिवाय मार्चनंतर तिला नोकरी नव्हती. विभागप्रमुख नामगुंग सरांनी हे तिला हसतहसत दोनदा ऐकवलं होतं.

दुपारी दार वाजलं. पातळ जाकीट घातलेला एक मध्यमवयीन माणूस आत आला. गुडघ्यांवर बाह्या चढवलेल्या होत्या.

"चव्वेचाळीस," तो म्हणाला आणि न सांगता टेबलावर आडवा झाला.

बाहेर बर्फ पडत होता, पण त्याचे बूट कोरडे होते. ग्यूरीने यंत्राचे पट्टे आवळले. कापडातूनही पाय गार लागला. चांगल्या गुडघ्यात नडगी पुढे ओढली तर केसभर सरकते आणि अडते. याची सरकतच राहिली, रिकामा ड्रॉवर ओढावा तशी. तिने यंत्र सोडून पुन्हा लावलं. दुसरा पायही तसाच. असा माणूस दोन पावलंही धड चालू शकत नाही, आणि हा ताठ चालत आला होता.

"गुडघा लचकतो का?"

"माझा? सवय झाली आता." तो छताकडे बघत होता. "बाकीच्यांचे कसे आहेत?"

"कुणाचे?"

"तुमच्याकडे येतात त्यांचे. नीट वापरतात ना?"

तिला जास्त बोलायची मुभा नव्हती. या नियमाची तिला पहिल्यांदाच चीड आली. "दुसऱ्यांबद्दल मला काही सांगता येत नाही."

"बरोबर आहे. दोन वर्षं झाली ना पण?"

"झाली. तुमची ही शेवटची तपासणी."

"मग ठीक," तो म्हणाला आणि उठला.

ग्यूरी धावतच प्यो सिस्टरांकडे गेली. अभ्यासाचं सगळं नियोजन त्याच बघायच्या. "सिस्टर, एक जण आला. संख्या भरली. चव्वेचाळीस नंबर."

संत्रं सोलता सोलता प्यो सिस्टर थांबल्या. "तो नंबर मी कुणाला दिलाच नाही."

"म्हणजे?"

"चारचा आकडा कोण घेतो, डॉक्टर? चार म्हटलं की कानाला मरणच ऐकू येतं, उच्चार एकच. आपल्या लिफ्टमध्येसुद्धा चारचं बटण नाही. ऑपरेशनला निघालेल्याच्या हातात चव्वेचाळीस ठेवू? नातेवाइकांनी मला फाडून खाल्लं असतं."

ग्यूरीच्या मस्तकाची शीर तडकली. कुणी कुठल्या गटात जायचं, ते नंबराच्या बंद पाकिटांवर ठरायचं. "आणि ती पाकिटं?"

"ठेवलीत की. उघडली नाहीत हो, एवढी अडाणी नाही मी."

सुईदोरा ठेवायच्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात तळाशी ती सापडली. चार, चौदा, चोवीस... चव्वेचाळीस. सगळ्यांची मोहर शाबूत होती. म्हणजे अभ्यासाला धक्का लागला नव्हता. पण रुग्ण पुन्हा एकने कमी होता.

"कुणीतरी थट्टा केली असेल," प्यो सिस्टर म्हणाल्या. संत्रं मात्र त्यांनी तसंच ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्वांगबो आपणहून आला. भिंतीला धरून.

"काल चांगला होता हो," टेबलावर चढताना तो म्हणाला. थट्टेखोर आवाज पार उतरला होता. "रात्री झोपलो तेव्हाही चांगला होता. सकाळी उठलो तर पायात जीव नाही. ना पडलो, ना आपटलो."

ग्यूरीने पट्टे आवळले. नडगी ओढली.

ती सरकत राहिली. कुठेच अडली नाही.

तिने हात मागे घेतला. "काल कुणी भेटलं होतं?"

"उतारावर शंभर लोक भेटतात." त्याने आठवून पाहिलं. "एक जण होता. पातळ जाकिटातला. गुडघा कसा आहे विचारलं. मी म्हटलं, झकास. तर म्हणाला, दिसतंय."

"मग?"

"मग काही नाही. आत्ता येताना तोच खालच्या जिन्यात दिसला. दोन-दोन पायऱ्या चढत होता. या वयात."

नामगुंग सरांनी दारातून डोकं आत घातलं. "आला ना शेवटचा? संख्या भरली. छान काम केलंस ग्यूरी, सुटलीस."



ते गेल्यावर प्यो सिस्टर आल्या. दाराची कडी त्यांनी हातात धरूनच ठेवली होती.

"बाहेर एक बाई बसलीय," त्या हळू म्हणाल्या. "गुडघ्यांवर बाह्या घालून. नंबर विचारला तर चौदा म्हणते."

टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर ब्यॉनचं नाव होतं. तो कधीच स्वतःहून फोन करत नसे.

दोन वर्षं त्याचा गट, स्वतःच्या मांडीतला की मृत दात्याचा, ग्यूरीपासून लपवून ठेवलेला होता. फोन वाजत राहिला, आणि तो न उचलताच तिला गट कळला.