गूळपाण्याचा नमुना

पाणी पिवळं झालं, तर तो आठ दिवसांनी येणार. पाण्याला रंगच आला नाही, तर उद्या.

जयानं हा हिशेब दारात उभ्या उभ्या, ओले हात पुसायच्या आधीच करून टाकला. सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला आठातून एक वजा करायला कागद लागत नाही. सात दिवसांचा निव्वळ फायदा. भांडवल काय, तर लोटाभर शिळं पाणी.

एकाहत्तर सालचा मे महिना होता आणि नागपुरात गॅस्ट्रोची साथ होती. महाल भागातल्या त्या गल्लीत नळ एक दिवसाआड यायचा, तोही करंगळीएवढा. बाकी सगळा भार गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विहिरीवर. आरोग्य खात्याचा नत्थू रोज संध्याकाळी बादलीत ब्लीचिंग पावडर कालवायचा, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचा. ते औषध पाण्यात उतरलं की नाही, हे तपासायला खात्याचा दुसरा माणूस यायचा. तो अनंत. भिवापूरचा, चोवीस वर्षांचा, सायकलच्या कॅरिअरवर पत्र्याची पेटी बांधून हिंडणारा. पेटीत काचेच्या नळ्या आणि एक तपकिरी बाटली. नळीत विहिरीचं पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे. पाणी लिंबाच्या गोळीसारखं पिवळं झालं की औषध आहे, विहीर पास, पुढची तपासणी आठवड्यानं. होतं तसंच राहिलं की नापास. मग संध्याकाळी दुप्पट पावडर आणि सकाळी पुन्हा तपासणी.

त्या गल्लीची एक रीत होती. पोस्टमन असो, मीटरवाला असो, उन्हातून कोणी दाराशी आला की आधी गुळाचा खडा आणि लोटाभर पाणी, काम मागून. अनंत पहिल्यांदा आला तेव्हा अकरा वाजले होते आणि विहिरीला सगळ्यात जवळचं दार जयाचं होतं. तिनं रीत पाळली. त्यानं गूळ खाल्ला, अर्धा लोटा प्यायला आणि विहिरीकडे बघितलं. विहीर खोल, दोर जाड, राहाट तापलेला. मग त्यानं हातातल्या लोट्याकडे बघितलं... आणि उरलेलं पाणी नळीत ओतलं. नमुना स्वतःच्या हातानं विहिरीतून काढायचा, असा खात्याचा नियम होता. पण नियम करणाऱ्यांनी मे महिन्यात नागपूरची विहीर उपसली नसावी.

थेंब पडले. पाणी होतं तसंच राहिलं.

"तुमच्या विहिरीत औषधच नाही," अनंत म्हणाला.

"नत्थूभाऊ रोज टाकून राहिले की."

"मग गेलं कुठं?"

कुठं गेलं ते जयाला त्याच क्षणी कळलं. पाणी कालचं होतं, माठातलं. रात्रभरात त्यातला क्लोरीन उडून गेला होता. हेच तिनं मार्चच्या परीक्षेत पानभर लिहिलं होतं. सांगायला तिनं तोंड उघडलंही. तेवढ्यात त्यानं रुमालानं कपाळ पुसलं, तिच्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं... आणि म्हणाला, "उद्या पुन्हा यावं लागते मले."

जयानं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं काम पक्कं केलं. आदल्या सकाळी भरलेली कळशी ती पातळ फडकं बांधून गच्चीवर उन्हात ठेवायची, आणि तो यायच्या आत लोटा भरून तयार. तो यायचा, गूळ खायचा, अर्धा लोटा प्यायचा, उरलेलं नळीत. पाणी रोज पांढरं. खरं तर पाण्याला रंग नव्हताच, पण रंग न येण्याला गल्ली पांढरं म्हणायला लागली, तसं आपणही म्हणू.

रंग नीट कळावा म्हणून नळीमागे कोरा कागद धरावा लागे. तो धरायचं काम जयाकडे आलं. चौथ्या दिवशी उन्हाळी वाऱ्याची एक झुळूक आली आणि कागद उडाला. दोघांमध्ये उरली ती फक्त पाण्यानं भरलेली काच. पलीकडून तिला त्याचा एकच डोळा दिसला, मोठ्ठा, हलणारा, हसणारा. त्यालाही तसाच एक दिसला असावा, कारण कागद आणायला दोघांपैकी कोणीच गेलं नाही.

"काय दिसून राहिलं?" तिनं विचारलं.

"पांढरंच आहे."

"नीट बघा."

"नीटच बघून राहिलो."

बोलणं कशाचं असायचं? तिच्या कॉलेजचं, त्याच्या गावच्या मिरचीचं, पंक्चर झालेल्या सायकलीचं. भिवापूरची माणसंही तिखट असतात का, असं तिनं एकदा विचारलं; खाऊन बघितल्याशिवाय कळत नाही, असं तो बोलून गेला आणि मग स्वतःच इतका लाजला की नळी उलटी पेटीत ठेवली. दहाव्या दिवसापर्यंत त्याच्या खिशात तिच्यासाठी मोगऱ्याच्या चार कळ्या यायला लागल्या होत्या. त्या तो हातात द्यायचा नाही. विहिरीच्या काठावर विसरून जायचा.

इतकं सगळं जमेला. आता दुसरी बाजू.

विहीर रोज नापास, म्हणून नत्थू रोज दुप्पट पावडर ओतत होता. विहिरीला दवाखान्याचा वास सुटला. चहा तोंडात धरवेना. जयाच्या शेजारच्या यमुताई, एकट्या राहणाऱ्या, गल्लीतल्या प्रत्येक लग्नाचा स्वयंपाक ज्यांच्या हातचा, त्यांची तुरीची डाळ तीन तास चुलीवर राहून गारगोटीसारखीच राहिली. त्यांच्या जांभळ्या लुगड्यावर पांढरे ठिपके पडले.

"काहून वं जया," त्या म्हणाल्या, "हे विहीर आहे का फिनेलची बाटली? तुह्या त्या पेटीवाल्याले सांग ना जरा."

जया हसली आणि विषय बदलला. यमुताईंनी तिचं हसणं बघितलं, पण त्या दिवशी त्यांना डाळीची काळजी जास्त होती.

मग गल्लीतल्या बायका मागच्या बोळातल्या एका बंद घराच्या परसातली विहीर वापरायला लागल्या. पाणी गार, गोड, वास म्हणून नाही. वास नव्हता, कारण त्या विहिरीची खात्याकडे नोंदच नव्हती. तिथं कोणी कधी चिमूटभर औषध टाकलं नव्हतं. यमुताई पाण्याचे दोन गुंड, म्हणजे पितळी हंडे, डोक्यावर घेऊन जयाच्या दारावरून जायच्या. जयाला ते दिसायचं. तिला काय वाटायला हवं होतं तेही कळायचं. पण यमुताई जायच्या त्या साडेदहाला, आणि अकरा वाजता तो यायचा... मधल्या अर्ध्या तासात माणूस केस विंचरतं, दुसऱ्यांच्या गुंडांचा विचार करत नाही.

तेराव्या दिवशी साडेदहाला यमुताई दारावरून गेल्या नाहीत.

अनंत गूळ खात होता. यमुताईंचं दार लोटलेलं आहे, हे जयाच्या लक्षात आलं. तिनं हाक मारली, मग दार ढकललं. यमुताई जमिनीवर पडल्या होत्या. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, हात थंडगार. पहाटेपासून जुलाब आणि ओकाऱ्या. एप्रिलमध्ये कॉलऱ्याची सुई टोचायला पथक आलं होतं, तेव्हा ही बाई गच्चीवर वाळवणाच्या चादरीमागे लपून बसली होती आणि वर आठवडाभर ती गंमत सांगत फिरली होती.

अनंतनं पेटी तिथंच टाकली. सायकलरिक्षा बोलावली, यमुताईंना उचलून तीत ठेवलं आणि स्वतः मागून ढकलत धावला. दवाखान्यात त्यांच्या हाताला सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर आणायचं कारण उरलं नसतं. पाणी कुठलं पितात, तेही त्यांनी विचारलं. जयानं मागच्या बोळातल्या विहिरीचं नाव सांगितलं. का पितात, ते तिला सांगता आलं नाही.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर दोघं बसले. आत बाटलीतून थेंब पडत होते, एक एक. थेंब मोजायची दोघांनाही सवय झाली होती.

"मी तुम्हाला विहिरीचं पाणी कधी दिलंच नाही," जया शेवटी म्हणाली. "शिळं द्यायची. उन्हात ठेवलेलं. त्यात औषध राहत नाही, मला माहीत होतं."

अनंतनं रुमालानं कपाळ पुसलं.

"मलेही माहीत होतं."

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून. विहिरीजवळ सायकल लावली की नाकात वास येते... अन् पाणी पांढरं? एवढा बुद्धू नाही मी."

"मग दोर का नाही टाकला विहिरीत?"

त्यानं समोरच्या भिंतीकडे बघितलं. "टाकला असता तं पाणी पिवळं झालं असतं," तो म्हणाला. "आठ दिवस... बहुत होतात."

ज्या वाक्यासाठी तिनं बारा दिवस कळशी गच्चीवर वाहिली, ते वाक्य असं आलं, फिनेलच्या वासात, एका बाईच्या अंगात पाणी चढत असताना. तिला आनंद झाला नाही असं नाही. पण तो तिला घेता येईना. तिनं डोळे पुसले आणि खात्याच्या साहेबांना मी सांगते म्हणाली, लोटा माझा होता. लोटा तुमचा, पण नळी माझी, तो म्हणाला, आणि त्यानं तिला साहेबांपुढे जाऊ दिलं नाही.

त्याच संध्याकाळी त्यानं रजिस्टरमध्ये स्वतःच्या अक्षरात लिहिलं की बारा दिवसांचे नमुने विहिरीचे नव्हते. मागच्या विहिरीची नोंद झाली, तिच्यात औषध पडलं, गल्लीच्या विहिरीतलं औषधाचं प्रमाण पुन्हा ठरल्याप्रमाणे झालं. आणि खात्यानं अनंतची कुहीला बदली केली, वर्षभरासाठी; धानाच्या गावांतून पायी फिरून विहिरी तपासायच्या, तेही दोर स्वतः ओढून. जायच्या दिवशी तो जयाच्या दारात आला. गूळ तिनं दिला, पाणी मात्र विहिरीवर जाऊन त्याच्यासमोर काढलं. त्यानं पेटीतली जादा नळी आणि छोटी बाटली तिच्या हातात ठेवली. कळ्या आणल्या नव्हत्या.

यमुताई चौथ्या दिवशी घरी आल्या. जयानं खाटेशी बसून सगळं सांगितलं, कळशीपासून कळ्यांपर्यंत. यमुताईंनी मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पीत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्या गोष्टीपायी मले बाटलीले टांगलं तुनं."

जयानं त्यांच्या पेल्यात आणखी पाणी ओतलं.

"आता वर्षभर माह्ये दोन गुंड तू भरशील. आपल्या विहिरीतून. अन् त्या नळीत तपासून." मग जरा थांबून, "पोट्टा येते का पुन्हा?"

"माहीत नाही."

"मले उचललं तेव्हा हात नाही कापले त्याचे," यमुताई म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या.

जया रोज दोन गुंड भरायला लागली. दर मंगळवारी ती कुहीला एक पोस्टकार्ड टाकायची. वर तारीख, खाली एक शब्द: पिवळं. पोस्टमन तिला वेडी समजायचा. तिकडून उत्तर यायचं: 'आज पाच विहिरी. चार पिवळ्या, एक पांढरी. उद्या पुन्हा जातो.' वर्षभर या दोघांनी एकमेकांना याहून गोड काही लिहिलं नाही. पण एका ओळीतल्या अक्षराचा तिरपेपणा, शाईचा डाग, 'पुन्हा' शब्दावर जरा रेंगाळलेला टाक... ज्याला वाचायचं असतं, त्याला तेवढं पुरतं.

बहात्तर सालचा मे आला. वर्ष भरायला आठ दिवस होते. जयानं सकाळी विहिरीचं पाणी काढलं, थेंब टाकले. नळीत लिंबाच्या गोळीचा लख्ख रंग उतरला. ती नळीकडे बघत बसली. मग कार्ड घेतलं, तारीख घातली आणि खाली लिहिलं: पांढरं.

कार्ड मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, बरोबर अकरा वाजता, तो कुहीच्या एसटीतून उतरून गल्लीत आला. काळवंडलेला, तळहाताला दोराचे घट्टे. जयानं गुळाचा खडा पुढे केला. त्यानं तो तोंडात टाकला, लोट्याकडे बघितलंही नाही, सरळ विहिरीवर गेला आणि स्वतः बादली सोडली. नळी भरली, थेंब टाकले, उजेडात धरली.

"पिवळं आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग खोटं काहून लिहिलं?"

"हे खोटं कोणाला प्यावं नाही लागलं," जया म्हणाली. मग हळूच, "आठ दिवस... बहुत होतात."

शेजारच्या दारातून यमुताईंचा आवाज आला. पुढचं बोलणं घरात जाऊन करा, विहिरीवर पाणी भरणाऱ्यांची गर्दी होऊन राहिली, असं त्या म्हणाल्या. गर्दी नव्हती. त्या एकट्याच होत्या आणि त्यांना सगळं नीट ऐकू येत होतं.

लग्नाचा स्वयंपाक यमुताईंनीच केला. डाळ मऊसूत शिजली होती.

कोणी काय भरलं ते आता मांडून टाकू. गल्लीनं तेरा दिवसांचा चहा भरला. नत्थूनं पावडरीनं सोललेली बोटं. यमुताईंनी एक जांभळं लुगडं आणि तीन बाटल्या सलाइन. अनंतनं कुहीतलं वर्ष. जया तेवढी फुकट सुटली, असं गल्ली बरीच वर्षं म्हणत होती. पण यमुताईंनी शिक्षा एका वर्षाची दिली होती, आणि जयानं लग्नानंतरही गल्लीतच राहून त्यांचे दोन गुंड भरले ते सतरा वर्षं, त्या गेल्या त्या सकाळपर्यंत. मधे नळ रोज यायला लागला, यमुताईंनी स्वतः पुरे म्हटलं, तरी तिनं थांबवलं नाही.

आणि अजून एक हप्ता चालूच आहे. आता त्यांच्या घरात भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, त्यावर हिरवा दिवा आहे. तरी उन्हातून घरी आलं की अनंत जयाच्या हातचा पेला घेतो आणि पिण्याआधी खिडकीच्या उजेडात धरतो. पेल्यापलीकडून एक डोळा तिच्याकडे बघतो, मोठ्ठा, हलणारा. तो मुद्दाम वेळ लावतो. जया तोवर तळहातावर गुळाचा खडा घेऊन उभी राहते.