रिकामा खिळा

खोटं वाटेल, पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय.

मंगळवार. दुपारचे साडेतीन. भर उन्हात, भर शहरात.

मामा पुलांच्या तपासणीवर होते. शहरातला मोठा पूल. वरून रस्ता, पण आतून पोकळ, लांबलचक पेटीसारखा. दोन्ही टोकांना लोखंडी झाकणं. मामा आत वाकून चालायचे आणि हातोडीने काँक्रीट ठोकायचे. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर समजायचं, आत काहीतरी बिघडलंय.

नियम एकच. आत जाताना आपला बिल्ला बाहेरच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. खिळा रिकामा दिसला की झाकण बंद.

त्या दिवशी घाईत मामांचा बिल्ला खिशातच राहिला.

अर्ध्या तासाने मागे... धाडकन आवाज झाला.

मामा धावत आले. बाहेरून बोल्ट आवळले जात होते. मामा जिवाच्या आकांताने ओरडले, हातोडी आपटली. पण वरून गाड्यांची रीघ, कुणाला काय ऐकू जाणार? फोनला रेंज नाही. हे झाकण आता पुढच्या वर्षीच्या तपासणीलाच उघडणार होतं. मामी जेवायला थांबेल, एवढं आठवलं आणि त्यांना रडू फुटलं.

शेवटचं म्हणून त्यांनी तीनदा ठोकलं.

लांबून, काळोखातून... ठक. ठक. ठक.

कुणीतरी होतं!

मामा आवाजाच्या मागे निघाले. वाटेत बॅटरी विझली. आवाज मात्र पुढेपुढेच राहिला...

मग उजेड दिसला. दुसऱ्या टोकाचं झाकण लावायला म्हातारे मुकादम नुकतेच आले होते.

"साहेब, तुम्ही आत? दोन्हीकडचे खिळे तर रिकामे होते!"

"तुम्हीच ठोकत होतात ना?"

"मी? मी तर तिकडचं झाकण लावून आत्ता येतोय."

मामा बाहेर आले. मुकादमांनी झाकण लावलं. पहिला बोल्ट आवळला...

आतून... ठक. ठक. ठक.

मग घाईघाईने, वेड्यासारखं. मामांनी मघाशी ठोकलं होतं, अगदी तसंच.

"उघडा!"

"साहेब, खिळ्यावर बिल्ला नाही."

"माझाही नव्हता!"

उघडलं. हाका मारल्या. आत कुणीच नव्हतं. लावलं... पुन्हा ठक. ठक. ठक. तीनदा उघडलं, तीनदा लावलं. शेवटी मुकादम रडकुंडीला आले.

"पूल बांधला तेव्हा बिल्ल्यांची पद्धत नव्हती, साहेब. नंतर आली."

"का आली?"

मुकादमांनी खाली मान घालून बोल्ट आवळले.

मामांनी आपला बिल्ला त्या खिळ्याला अडकवला. आत कुणीतरी आहे, एवढं तरी कळावं म्हणून. ज्याने जीव वाचवला त्यालाच कोंडून आलो, हे त्यांच्या मनाला आजही खातं.

गेल्या महिन्यात मामा पुन्हा तिथे गेले. झाकण बंद. बोल्ट गंजून घट्ट बसलेले.

आणि खिळा... रिकामा.

"सुटला असेल बिचारा," मामी म्हणते.

मामा मात्र दारावर टकटक झाली की ताडकन उठतात आणि दार उघडतात. कोण आहे, हेही न विचारता.