कामावरचा उजेड

बॅकलाइट, म्हणजे मागचा दिवा, गेलेला लॅपटॉपचा पडदा पूर्ण काळा नसतो. टॉर्च डावीकडून, साधारण तीस अंशांत धरला की अक्षरं दिसतात. ओल्या फडक्याने पुसलेली पाटी वाळली की तिच्यावर जुनं लिहिलेलं उमटतं ना, तशी. टॉर्च समोरून धरला की पुन्हा काही नाही. वृषाली भिंगारदिवेने हा कोन कंपासपेटीतल्या कोनमापकाने दोनदा मोजला आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.

१९९८चा नोव्हेंबर, रविवारची दुपार. भिंगारच्या घरातल्या मधल्या खोलीच्या खिडक्या तिने लावून घेतल्या होत्या, कारण उन्हात ती पुसट अक्षरं अजिबात दिसत नसत. वृषाली नगरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. लॅपटॉप पुण्याच्या तिच्या सरांनी वापरून दिलेला. त्यात बंगलोरच्या संशोधन संस्थेला पाठवायचं, तिथली जागा स्वीकारल्याचं होकाराचं पत्र होतं, आणि ते उद्या फॅक्सने गेलंच पाहिजे होतं. पत्रात एकच ओळ रिकामी होती : राहायला एकटीसाठी खोली हवी, की दोघींसाठी क्वार्टर? ते आईने सांगायचं होतं. आई चार महिने "बघू" म्हणत होती. आईला एकटीला ठेवून जायचं नाही, एवढं वृषालीचं पक्कं होतं.

तिची आई चांगुणाबाई दारात येऊन उभी राहिली.

"माझ्या हळदीच्या वाटीत स्क्रू?"

"वरच्या कडेचे हळदीत, खालचे जिऱ्यात. परत लावताना चुकायला नको."

"कॉलेजात पोरांना हेच शिकवतीस व्हय? भाजीत घावला एखादा, तर तुलाच वाढीन," असं म्हणत ती हसत परसदारी गेली. तिकडे तिचं शेंगा फोडायचं काम चाललं होतं. कटकट असा एकसारखा आवाज येत होता.

वृषालीला बरं वाटत होतं. असं काम तिला लहानपणापासून आवडायचं. तेव्हा टॉर्च धरायला बाबा असायचे. कोंडीराम भिंगारदिवे वीज मंडळात लाइनमन होते. तिच्या डाव्या खांद्यामागे उभे राहायचे आणि म्हणायचे, "उजेड हातावर न्हाई, कामावर पायजे." त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. टॉर्च त्यांचाच होता, पितळी, दोन सेलचा.

आज तिने तो पोह्यांच्या डब्यावर आडवा ठेवला होता. उचलताना जरा हलका वाटला. सेल संपत आले असतील, असं मनात आलं आणि तिचं तिलाच हसू आलं. संपलेला सेल हलका होत नाही, हे ती वर्गात शिकवत असे.

पडद्याची चौकट निघाली. बिघाड बिजागरीपाशी असावा, तिथून पडद्यातल्या दिव्याकडे जाणाऱ्या केसासारख्या तारा होत्या. ती चिमटा घ्यायला उजवीकडे वळली. परत पाहिलं तर उजेडाचा गोल चौकटीवरून सरकून नेमका बिजागरीवर आला होता.

लांब छावणीच्या मैदानावर रणगाड्यांचा सराव चालू होता. मधूनच धप्प आवाज यायचा आणि मांडणीतली भांडी किणकिणायची. डबा हलला असणार. दिव्याकडची टोकं आधी तपासायची होती, म्हणून तिने टॉर्च परत चौकटीकडे वळवला, आणि सवयीने डब्याच्या झाकणावर त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढली.

तुटलेली तार सापडली. वरचं प्लास्टिक धड होतं, आतून मात्र तार तुटलेली. तिने दोन्ही टोकं सोलली, सोल्डरिंग गन तापत ठेवली. आता दोन्ही हात अडकले होते आणि टोकांवर हाताचीच सावली पडत होती.

सावली बाजूला झाली.

तिने हात हलवला नव्हता. उजेड आता डावीकडून, तिच्या खांद्याच्या उंचीवरून येत होता. स्थिर. माणूस श्वास रोखून धरतो तेवढा स्थिर.

तिने आधी सोल्डर पूर्ण केलं. थेंब चकचकीत बसला. मग डब्याकडे पाहिलं.

टॉर्च पेन्सिलीच्या रेघेच्या आत होता. केसभरही हललेला नव्हता. त्याचं तोंड चौकटीकडे होतं, आणि उजेड बिजागरीवर.

बाहेर शेंगा फोडायचा आवाज थांबला होता.

वृषालीला भीती वाटली नाही, याचंच तिला नवल वाटलं. तिने तारेत आधीच ओवलेली नळी जोडावर सरकवली. जिऱ्यातले स्क्रू खाली लावले, हळदीतले वर. प्रत्येक भोकावर उजेड तिच्या आधी पोचत होता.

तिने बटण दाबलं. पडदा एकदा लालसर झाला आणि मग पांढराशुभ्र. पत्र उघडलं. रिकाम्या ओळीवर कर्सर लुकलुकू लागला.

टॉर्च आपोआप विझला.

"झालं का गं?" आई आत आली. तिच्या पदरात शेंगदाणे होते आणि मुठीत आणखी काहीतरी.

"झालं."

"मग हे घे. सकाळीच काढून परसात उन्हात ठेवले हुते. तापले की अजून चार दिवस चालत्यात." तिने मूठ उघडली. दोन सेल होते. उन्हाने गरम झालेले.

वृषालीने टॉर्चचं मागचं झाकण फिरवलं. आत स्प्रिंग होती. दुसरं काही नव्हतं.

तिने रिकामा टॉर्च आईपुढे धरला. आईने त्यात डोकावून पाहिलं नाही. ती वृषालीच्या डाव्या खांद्यामागे बघत होती; रोजचं माणूस घरात आहे ना, एवढंच बघावं तसं.

मग तिने पडद्यावरच्या रिकाम्या ओळीकडे बोट केलं.

"एकीपुरतीच खोली माग, वृषे," ती म्हणाली. "आमी दोघं हितंच ऱ्हातो."